विरुद्ध आहार, भूक आणि आपलं ताट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वैद्य नाही. गेली बरीच वर्षं स्वयंपाकाचे वर्ग घेते. फोडणीत हिंगच का, आमरसावर सुंठ का, असं मुली विचारायला लागल्या तेव्हा उत्तरं शोधत चरकसंहितेच्या मराठी भाषांतरापर्यंत पोचले. त्यानंतर प्रश्न संपायच्या ऐवजी वाढलेच. हल्ली ते व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लाल फुल्यांच्या तक्त्यासकट येतात: दूध-केळं फुली, दही-कांदा फुली, मासे-दूध दोन फुल्या. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

विरुद्ध आहार म्हणजे नेमकं काय? दोन पदार्थ एकत्र खायचे नाहीत, एवढंच ना?

एवढंच नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २६व्या अध्यायात, विरुद्धाचे १८ प्रकार सांगितले आहेत. देश, काल, अग्नी (म्हणजे पचनशक्ती), मात्रा, सात्म्य, दोष, संस्कार, वीर्य (पदार्थाचा थंड-उष्ण गुण), कोष्ठ, अवस्था, क्रम, परिहार, उपचार, पाक, संयोग, हृद्, संपद् आणि विधी. तक्त्यातल्या सगळ्या फुल्या यातल्या एकट्या 'संयोगा'च्या घरात बसतात. उरलेले सतरा कुणी फॉरवर्ड करत नाही.

त्या सतरांत काय काय आहे बघा. तूप पिऊन वर गार पाणी पिणं हे विरुद्ध. कच्चट राहिलेला किंवा करपलेला भात हे पाकविरुद्ध. थंडीच्या दिवसांत गार आणि कोरडं खाणं हे कालविरुद्ध. पोट साफ झालेलं नाही, भूकही नाही, तरी घड्याळ बघून जेवायला बसणं हे क्रमविरुद्ध. मनाला न रुचणारं खाणं हेसुद्धा विरुद्ध, त्याला हृद्विरुद्ध म्हणतात. मुलाच्या तोंडात रडवून कारल्याची भाजी कोंबणाऱ्या आयांना मी हा शेवटचा प्रकार आवर्जून वाचून दाखवते.

मग शिकरण खायचं की नाही?

हा प्रश्न नंबर एकचा. उत्तर लांब आहे.

ग्रंथाच्या बाजूने बघितलं तर फुली खरी आहे. दुधाबरोबर जी फळं नकोत म्हणून चरकाने यादी दिली आहे तिच्यात केळं आहे. फणस, जांभूळ, कवठ, बोर, डाळिंब, आवळा आहेत, आणि नारळही आहे. शेवटी 'सगळंच आंबट, पातळ असो की घट्ट' असं म्हणून दार लावून घेतलंय. तेव्हा शिकरणावर फुली मारणाऱ्याने ओलं खोबरं घातलेल्या दुधाच्या खिरीवरही मारायला हवी. ती कुणी मारत नाही, कारण तक्ता करणाऱ्याने मूळ यादी वाचलेली नसते.

आता पोटाच्या बाजूने. 'केळ्यामुळे दूध पोटात फाटतं' असं कारण सांगतात. दूध नुसतं प्यायलं तरी जठरातल्या आम्लाने ते फाटतंच. तान्ह्या बाळाचंही फाटतं. दूध पचण्याची सुरुवातच तशी होते, त्यामुळे हे कारण काही पटत नाही. शिकरणाने पोट फुगणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना मुळात दूधच सोसत नसतं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं पाचकद्रव्य मोठेपणी अनेकांचं कमी होतं, आणि भारतात अशी माणसं भरपूर आहेत. काही जणांना अर्धकच्चं केळं त्रास देतं, कारण त्यातला स्टार्च अजून साखरेत उतरलेला नसतो.

शोधायचं कसं? आठवडाभर नुसतं दूध पिऊन बघा, केळं बंद. पुढचा आठवडा पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं केळं खा, दूध बंद. दोन्ही एकेकटे सुखाने जिरले आणि एकत्र आल्यावरच पोट तक्रार करत असेल, तर तुमच्यापुरती फुली खरी. मग वाद घालू नका, सोडून द्या. सर्दी-कफाचा त्रास असलेल्या मुलांना रात्री शिकरण देऊ नये, हे मात्र बहुतेक वैद्य सांगतात आणि आमच्या घरी तो नियम आहे.

शिकरणात वेलची घालतोच आपण. केळं जड झालं तर वरून वेलचीचे दोन दाणे चघळायची रीत जुनी आहे.

आम्ही तर जन्मभर शिकरण-पोळी खाल्ली, काहीच झालं नाही. मग ग्रंथ खोटा का?

ग्रंथानेच तुमची सोय केलेली आहे. त्याच २६व्या अध्यायाच्या अखेरीस चरक म्हणतो की विरुद्ध अन्न काही जणांना बाधत नाही: ज्याला त्याची सवय आहे, जो ते थोडंसं खातो, ज्याचा अग्नी प्रखर आहे, जो तरुण आहे, जो तूप-तेल खाऊन व्यायाम करतो आणि अंगात ताकद राखून आहे. सवयीला तिथे सात्म्य असा शब्द आहे.

हा एक श्लोक मला सगळ्या यादीपेक्षा मोठा वाटतो. काय खाल्लं यापेक्षा कुणी, किती आणि कुठल्या भुकेवर खाल्लं हे बघा, असं तो सांगतो. शेतात राबून आलेल्या विशीतल्या मुलाची शिकरण-पोळी आणि दिवसभर खुर्चीत बसलेल्या पन्नाशीतल्या माणसाची शिकरण-पोळी हे एकच जेवण नव्हे. तुम्हाला तिशीपर्यंत काही झालं नाही आणि आता होतंय, असं असेल तर शिकरण तीच आहे, तुम्ही बदललात.

आमरसात दूध घालावं का?

पिकलेल्या गोड आंब्याच्या रसात घालावं, खुशाल. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात दूध घातलेल्या आंब्याला 'दुग्धाम्र' असं स्वतंत्र नाव आहे आणि त्याचं कौतुकच केलंय: रुची देणारं, पुष्टी देणारं, बळ वाढवणारं. पुढे दोन शब्द आहेत, गुरू आणि शीतल. म्हणजे पचायला जड आणि थंड. म्हणून आपल्याकडे रसाच्या वाटीत तुपाची धार आणि चिमूटभर सुंठ किंवा मिरपूड येते. आंबट रायवळच्या रसात मात्र दूध घालू नका. चवही बिघडते.

रसाच्या जेवणाला पंधरा पुऱ्या, बटाट्याची भाजी, कुरडया आणि वर भजी, आणि मग 'आंबा बाधला'. बिचारा आंबा.

दही रात्री का नको? आमच्याकडे रात्री दहीभाताशिवाय जेवण पुरं होत नाही.

रात्री दही खाऊ नये, हा नियम चरकसंहितेत स्पष्ट आहे. पण वाक्य तिथे थांबत नाही. तूप-साखरेशिवाय खाऊ नये, मुगाच्या कढणाशिवाय खाऊ नये, मधाशिवाय खाऊ नये, आवळ्याशिवाय खाऊ नये, गरम करून खाऊ नये, असं ते पुढे जातं. थोडक्यात, नुसतं दही वाटीभरून ओरपायचा पदार्थ नाही, त्याला सोबत लागते. वैद्यकाच्या भाषेत दही अभिष्यंदी आहे, म्हणजे शरीरातले मार्ग चिकट करून अडवणारं.

आपल्या स्वयंपाकघराने हे कसं जिरवलंय ते बघण्यासारखं आहे. दह्यातलं पाणी काढून चक्का केला, साखर घातली, वेलची-जायफळ लावलं: श्रीखंड. घुसळून लोणी काढलं, पाणी घातलं: ताक. दही गरम करायचं नाही म्हणता? कढी आपण दह्याची करत नाही, आंबट ताकाची करतो, आणि तिला आलं, हिंग, जिरं, कढीपत्ता लावतो. कोशिंबिरीत दही असतं ते दोन चमचे, आणि वर तुपात हिंग-जिऱ्याची फोडणी.

दहीभात सोडवत नसेल तर रात्री ताकभात करा. ताक ताजं, पातळ, जिऱ्याची पूड आणि किंचित सैंधव घातलेलं. जेवणाअखेर ताक हा तर जुना लाडका नियम, 'तक्रं शक्रस्य दुर्लभम्', इंद्रालाही न मिळणारं. दमा, सतत सर्दी, सांध्यांची सूज असणाऱ्यांनी मात्र रात्रीच्या आंबट ताकाबद्दलही आपल्या वैद्याला विचारावं.

मासे खाऊन दूध प्यायलं तर कोड होतं, खरं का?

नाही. कोडात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. मासे-दुधामुळे ते होतं असा पुरावा नाही. या समजापायी कोड असलेल्या मुलीच्या आईला 'गरोदरपणी काय खाल्लं होतंस?' असं विचारणारे लोक मी पाहिले आहेत. ते बंद झालं पाहिजे.

मासे-दुधाची मूळ गोष्ट मात्र मजेशीर आहे. ज्या अध्यायात हे येतं तो एका परिषदेचा वृत्तान्त आहे. तिथे भद्रकाप्य नावाचे ऋषी म्हणतात, एक चिलिचिम सोडला तर बाकी सगळे मासे दुधाबरोबर खावेत. चिलिचिम म्हणजे लाल डोळ्यांचा, अंगावर लाल रेघा असलेला मासा. गुरू आत्रेय म्हणतात, छे, कुठलाच मासा नको: दोन्ही गोड, पण दूध थंड वीर्याचं आणि मासा उष्ण, दोघं मिळून मार्ग अडवतात. म्हणजे हा वाद तेव्हाही होता आणि तोही मोठ्या माणसांत.

कोकणात आणि गोव्यात हा प्रश्न व्यवहारात फारसा उद्भवतच नाही. माशाच्या आमटीत नारळाचा रस असतो, गाईचं दूध नव्हे, आणि वर सोलकढी. कोकमाचं आगळ आणि नारळाचं दूध, त्यात लसूण, मिरची, कोथिंबीर. तळलेल्या बांगड्यानंतर ती वाटीभर पोटात गेली की बरं वाटतं, याला मला ग्रंथाचा आधार लागत नाही.

सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू घेते. मध गरम करू नये म्हणतात, मग?

पाणी कोमट करा, गरम नको. बोट सहज बुडवून ठेवता येईल इतपत. आयुर्वेदात मध तापवणं आणि मध खाऊन उष्ण उपचार घेणं, दोन्ही वर्ज्य आहे. आधुनिक भाषेत सांगायचं तर मध तापवला की त्यातली पाचकद्रव्यं आणि सुगंध जातो, आणि एचएमएफ नावाचं एक संयुग वाढतं. कपभर गरम पाण्यातल्या चमचाभर मधाने विषबाधा होते असं कुठे सिद्ध झालेलं नाही. पण तापवून मधाचा फायदाही काही होत नाही, तेव्हा तापवायचा कशाला?

मध-तूप समप्रमाणात नको, हा नियम मात्रेचा आहे. कमी-जास्त प्रमाणात दोन्ही एकत्र घेतलेले अनेक औषधांत सापडतात. 'मग पूजेच्या पंचामृताचं काय?' असं विचारणारा प्रत्येक वर्गात एक असतोच. त्यात दूध, दही, तूप, मध, साखर, सगळेच एकमेकांचे वैरी! पण ते तळहातावर पळीभर घ्यायचं असतं. वाडगाभर पिऊ नका म्हणजे झालं.

दोन गोष्टी गंभीरपणे. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, परंपरा काहीही असो. मधात कधी कधी असणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. आणि मधुमेह असेल तर मध ही साखरच धरा.

परदेशी फूड कॉम्बायनिंगमध्ये डाळ आणि भात वेगवेगळे खायला सांगतात. आयुर्वेदही तेच सांगतो का?

अजिबात नाही, आणि या दोन गोष्टींची भेसळ थांबायला हवी. प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थ एका जेवणात नकोत, हा विचार 'विल्यम हॉवर्ड हे' (Hay) नावाच्या अमेरिकन डॉक्टरचा. १९२०-३० च्या दशकांत तो तिकडे गाजला. त्याचा चरकाशी संबंध नाही. आपल्याकडे मूग-तांदळाची खिचडी हे आजाऱ्याचं अन्न आहे.

तर्कही टिकत नाही. प्रथिनं, पिष्ट आणि स्निग्ध यांना लागणारी पाचकद्रव्यं स्वादुपिंड एकाच वेळी सोडतं, त्याला पाळी लावावी लागत नाही. शिवाय तुरीच्या डाळीतच प्रथिनं आणि पिष्ट दोन्ही आहेत. निसर्गाने एकत्र केलेलं तुम्ही वेगळं करणार कसं? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात स्थूल रुग्णांना सहा आठवडे कमी उष्मांकाचा आहार दिला होता, काहींना हे पदार्थ वेगळे करून, काहींना नेहमीसारखे एकत्र. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं.

उलट एकत्र खाण्याचाच फायदा आहे. तांदळात लायसिन कमी, डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, तांदळात ते बरं. वरून लिंबू पिळलं की त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह अंगी जास्त लागतं. तुपाने भात सुटा होतो, डाळीला चव येते आणि पोट लवकर भरल्याचं समजतं. वरण-भात-तूप-लिंबू हे ज्या कुणी बाईने पहिल्यांदा वाढलं तिला माझा नमस्कार.

जेवणानंतर फळ खाल्लं तर ते पोटात कुजतं का?

कुजत नाही. जठरात आम्ल असतं, कुजायला तिथे कोण बसलंय? कलिंगड, सफरचंद, आंबा यांतली फळसाखर काही जणांच्या आतड्यात नीट शोषली जात नाही आणि मग मोठ्या आतड्यातले जिवाणू तिच्यावर वायू करतात. त्यांना भरल्या पोटी फळाने गुबारा धरतो. सुश्रुतसंहितेत डाळिंबासारखी फळं जेवणाच्या सुरुवातीला खायला सांगितली आहेत. दुपारच्या चार वाजता, चहाच्या जागी खाल्लीत तर सगळ्यांत उत्तम.

जेवताना पाणी प्यावं का?

मध्ये मध्ये घोट घोट, प्यावं. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात म्हटलंय की जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, शेवटी पिणारा स्थूल, मध्ये पिणारा सम राहतो. 'भोजनान्ते विष' हा तुकडा सगळ्यांना पाठ असतो, पण त्याच श्लोकात 'भोजनात अमृत' असंही आहे. तेवढं विसरलं जातं. फ्रीजमधलं नको.

चहाबरोबर खारी, चिवडा, पोळी… हे पण विरुद्ध?

दूध आणि मीठ म्हणून वैद्य नाकं मुरडतात. चरकाने तर आपल्या संहितेच्या 'विमानस्थान' नावाच्या भागात दुधाबरोबरही मीठ खाणाऱ्या लोकांची नावं घेतली आहेत, बाह्लीक, सौराष्ट्र, सिंध, सौवीर इथले. अति मीठ खाण्याच्या सवयीचं उदाहरण म्हणून. आजच्या यादीत त्याने महाराष्ट्र घातला असता.

मला यात वेगळीच काळजी वाटते. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. पोह्यांवर लिंबू पिळून आपण जे कमावतो ते सोबतच्या कपाने घालवतो. आपल्याकडे बायकांत रक्त कमी असण्याचं प्रमाण मोठं आहे, त्यामुळे हे किरकोळ नाही. चहा आणि खाणं यांत तासाभराचं अंतर ठेवा. चहा-पोळीवर वाढलेल्या पिढीला हे सांगणं सोपं नाही, माझ्या घरीही ऐकत नाहीत.

कडधान्यांनी गॅस होतो. बंदच करू का?

बंद करू नका, नीट शिजवा. वाटाणे, हरभरे, राजमा, वाल यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या पचवायचं साधन माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या खाली जातात, जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात, आणि पुढचं तुम्ही भोगता. रात्रभर भिजवून ते पाणी ओतून दिलं की यातला बराच भाग पाण्याबरोबर जातो. मोड आणले की आणखी कमी होतो. पण मोड आले म्हणून कच्चं खायचं, हे मला पटत नाही. कच्ची मटकी वाटीभर खाऊन दिवसभर ढेकर देणाऱ्यांना मी उसळ करायला शिकवते: फोडणीत हिंग सढळ, ओवा किंवा जिरं, आलं, शेवटी आमसूल, वर ओलं खोबरं.

सुरुवात मुगाने करा. मग मसूर, तूर, मटकी. चवळी, वाटाणा, छोले, राजमा ही नंतरची मंडळी. वालाला तर आमच्याकडे दुपारचंच आमंत्रण असतं, रात्रीचं कधी नाही.

हिंग्वाष्टक चूर्ण बरेच जण जेवणानंतर पाण्याबरोबर गिळतात. त्याची खरी जागा पहिल्या घासात आहे, भातात, तुपाबरोबर. त्यात सैंधव असतं, रक्तदाब असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मी सगळे नियम पाळते. दूध-फळ नाही, रात्री दही नाही, गार पाणी नाही. तरी पोट फुगतंच. का?

कारण कदाचित तुम्ही सतत खाताय. खरं तर हा प्रश्न सगळ्यांत वर यायला हवा होता, पण त्याला तक्ता नसतो म्हणून मागे पडतो.

आधीचं जिरलं नसताना वर खाणं, याला अध्यशन म्हणतात. सकाळी सात वाजता बदाम, साडेआठला पोहे, अकराला बिस्किटं, एकला जेवण, चारला चहा-चिवडा, सहाला 'काहीतरी हेल्दी', नऊला जेवण, अकराला मुलांच्या ताटातलं उरलेलं. यात चहा-चिवडा सोडला तर विरुद्ध संयोग एकही नाही. पण अग्नीला उसंतही नाही. चुलीवर भात अर्धा शिजलेला असताना त्यात आणखी कच्चे तांदूळ टाकले तर काय होईल? काही दाणे गळतील, काही टचटचीत राहतील. पोटात जे असं अर्धवट राहतं त्याला आयुर्वेद आम म्हणतो.

जिरल्याची लक्षणं माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात दिली आहेत, आणि ती घरच्या घरी तपासता येतात: ढेकर स्वच्छ येतो, म्हणजे त्याला मघाच्या भाजीचा वास नसतो; उत्साह वाटतो; मल-मूत्र वेळेवर होतं; अंग हलकं वाटतं; आणि खरी भूक-तहान लागते. दोन आठवडे एवढंच करा. जेवणाच्या वेळा दोन किंवा तीन, मध्ये फक्त पाणी, आणि आधीच्या जेवणाचा ढेकर येत असेल तर पुढचं जेवण पुढे ढकला. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी हा प्रयोग करू नये. त्यांच्या वेळा डॉक्टर ठरवतात.

मात्राही बघा. अष्टांगहृदय पोटाचे चार भाग करतं: दोन घन अन्नाला, एक पातळ पदार्थांना, एक मोकळा. लग्नाच्या पंगतीत तो चौथा भाग जिलेबी आणि मठ्ठ्याला दिला जातो, हे मला ठाऊक आहे.

उपवासाने पोटाला विश्रांती मिळते ना? मग एकादशीनंतरच मला अ‍ॅसिडिटी का होते?

एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी म्हणजे शुद्ध पिष्ट, त्यात दाण्याचं कूट, बटाटा, तूप, हिरवी मिरची, सोबत दही आणि मधल्या वेळेला तळलेले वेफर्स. दिवसभर उपाशी, मग हे पोटभर. वरीचे तांदूळ आणि पातळसर दाण्याची आमटी, किंवा राजगिऱ्याच्या लाह्या आणि दूध घ्या, बघा फरक पडतो का. नाहीतर सरळ लिंबू-पाणी आणि फळांवर राहा.

मुलगी न्यू जर्सीत असते. जानेवारीत, बाहेर बर्फ, आणि ती सकाळी फ्रीजमधून काढून दही-ओट्स-बेरी खाते. चालेल का?

तिचं पोट ठीक असेल तर आकाश कोसळणार नाही. पण काळ आणि देश या दोन्ही बाजूंनी हे उलटं आहे. हेमंतात भूक मोठी असते, तिला गरम आणि स्निग्ध मागायचा हक्क आहे. आपण त्याच दिवसांत बाजरीची भाकरी-लोणी, तीळगूळ, भोगीची लेकुरवाळी भाजी करतो. तिला सांगा, तेच ओट्स दुधात शिजव, सुंठ-दालचिनी घाल, चमचाभर तूप सोड, बेऱ्या दुपारी खा.

पावसाळ्यात मात्र उलट करा. वर्षा ऋतूत अग्नी सगळ्यांत मंद असतो असं ग्रंथ सांगतात. जुने तांदूळ, मुगाचं कढण, गरम पातळ आमटी. आणि आपण नेमके त्याच दिवसांत कांदाभजी तळायला घेतो. खा, पण पाच खा.

आहार बदलून बघत बसू, की डॉक्टरकडे जाऊ?

गिळताना अडकणं, काळी किंवा रक्ताची शी, कारण नसताना वजन उतरणं, सारख्या उलट्या, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेलं अपचन: यातलं काहीही असेल तर हिंग-ओवा करत बसू नका, आधी तपासून घ्या. छातीत जळजळ समजून हृदयविकाराचा झटका घरी काढलेली माणसं आहेत. जळजळीबरोबर घाम, दम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ असेल तर तत्काळ रुग्णालय.

ऑफिसातून यायला दहा वाजतात. तेव्हा काय खाऊ?

मूगडाळीची मऊ खिचडी. दोन माणसांना पाऊण वाटी जुने तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ. डाळ आधी कोरडीच खमंग भाजून घ्या, भाजल्याने ती हलकी होते. चमचाभर तुपात जिरं, हिंग, चार मिरे, ठेचलेलं आलं, हळद. मग डाळ-तांदूळ, सहा वाट्या पाणी, मीठ, कुकरच्या चार शिट्ट्या. तेवढ्यात हात-पाय धुऊन होतात. पापड भाजलेला, तळलेला नको. आणि त्या दिवशी संध्याकाळी सातला कुणाच्या वाढदिवसाचा केक-समोसा झाला असेल, पोटात काही मागत नसेल, तर कुकर लावूच नका. कपभर पातळ ताक किंवा नुसतं कोमट पाणी घ्या आणि झोपा. खिचडी उद्या.